आमचा रविवार गुरुवारी असतो

मंगळवार, ८ जुलै
आज पुन्हा हाफ डे! समुपदेशक रश्मी मॅडम सरकारी दवाखान्यात फक्त मंगळवारी येतात, तेही दुपारी एकपर्यंत. सुपरवायझर म्हणाला, "नवनाथ, तुझी दाढ अजून किती दिवस दुखणार राव?" या बहाण्यात बत्तीशी संपत आली माझी! आता रजाही संपल्या. पण मॅडमशी बोलणं थांबलं तर पुन्हा ते दिवस — मशीनसमोर उभं राहून विनाकारण रडू येण्याचे. नको रे बाबा!

आईला यातलं काही माहीत नाही. कळलं तर जिवाला घोर लावून घेईल. बाबा गेल्यापासून तिला झोप अशी नाहीच. विचारलं की म्हणते, "म्हातारपणी झोप कमीच असती रं."

बुधवार, १६ जुलै
मॅडमनी मेसेज पाठवला. राज्याच्या नव्या मानसिक आरोग्य कायद्याचा मसुदा आलाय — कारखान्यांच्या भागात सुट्टीच्या दिवशीही मोफत समुपदेशन. उडीच मारली! मग पुढची ओळ वाचली: 'दर रविवारी'. घ्या! आमच्याकडे सुट्टी गुरुवारी. रविवारी आम्ही मशीनवर.
खाली लिहिलंय, हरकती व सूचना पाठवाव्यात. सूचना? ती तर आपल्याला येते!

गुरुवार, १७ जुलै
नऊ वर्षं कंपनीत कायझेनचे, म्हणजे कामात सुधारणा सुचवायचे, फॉर्म भरतोय. दुसऱ्या तऱ्हेने सूचना लिहिताच येईना. आधीची स्थिती, मूळ कारण, उपाय, फायदा — सगळे रकाने आखले. 'आधी'च्या चौकटीत दवाखान्याचा रिकामा बाक काढला, 'नंतर'च्या चौकटीत भरलेला. माणसं बटाट्यासारखी आली, पण चालेल. मूळ कारण: मसुदा लिहिणारे कधी शिफ्टला आलेले नाहीत.
नावापाशी पेन अडलं. तीन वेळा चहा झाला. शेवटी लिहिलं — पूर्ण नाव, फोन नंबर, आणि 'मी स्वतः उपचार घेतो'. दोनदा खोडावंसं वाटलं. पण पाठवलं!

शनिवार, ६ सप्टेंबर
चहाच्या सुट्टीत फोन. मुंबईहून, समितीच्या कार्यालयातून! "तुमच्या अर्जावर सेक्शन इन्चार्जची सही राहिलीय, ती कोणी करायची?" अरे देवा! सवयीने तीही चौकट आखली होती. म्हणालो, "साहेब, तुम्हीच करा." पलीकडे हसू फुटलं. मग गुरुवार का, ते नीट विचारून घेतलं. मी उपचाराचंही सगळं सांगून टाकलं.
वळलो तर मागे शेजारच्या मशीनवरचा सनी उभा. सगळं ऐकलेलं! वाटलं, संपलो. तो हळूच म्हणाला, "भावा, गुरुवारचं झालं तर माझाबी नंबर लाव."

सोमवार, २० ऑक्टोबर
रजा नाहीत, म्हणून मॅडम फोनवर दहा मिनिटं देतात. तेवढ्यावर चाललंय.

शुक्रवार, १२ डिसेंबर
मंजूर! मंजूर!! 'रविवारी' काढून 'त्या भागातील साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी' घातलं! पेढे आणले.
"कशाचं पेढं?" आई.
"माझी सूचना पास झाली."
खोटं कुठे बोललो? "लई गुणाचं माझं पोर," म्हणत तिने पेढा देवापुढे ठेवला. मला भरून आलं — पण हे रडू वेगळं होतं.

बुधवार, ४ फेब्रुवारी
उद्या पहिला गुरुवार! दवाखान्याच्या आशाताईंनी घरोघरी समुपदेशनाच्या चिठ्ठ्या वाटल्यात. आमच्या दारातली मी गुपचूप खिशात घातली. आईला ओव्हरटाइम सांगितला. ती म्हणाली, "जा बाबा. मीबी शेजारच्या रुक्मिणीबाईसंगं देहूला जाऊन येते." बरंच झालं!

गुरुवार, ५ फेब्रुवारी
माझा नंबर चौथा. पहिला आईचा.
ठेवणीतली साडी नेसून बाकावर बसली होती, हातात रुक्मिणीबाईकडची चिठ्ठी. "ह्योच व्हय रं तुझा ओव्हरटाइम?"
"आणि हे तुझं देहू?"
दोघंही हसत सुटलो. डोळे पुसत ती बाकावर जरा सरकली. मी शेजारी बसलो.