मधल्या सात ओळी

घोटी,
ता. १० जानेवारी २०२५

ती. स्व. सुवर्णा मावशीस,
सायलीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर निरोप नको, पत्र लिही, अक्षर सुधारेल, असं तूच म्हणालीस. म्हणून हे पत्र. हसू नकोस.

सव्वीस जानेवारीला आठवीतून माझं भाषण आहे. गुरुजी म्हणाले, तुझी मावशी नाशिकला शिक्षिका आहे ना, तिच्याकडून तपासून आण. भाषण सोबत जोडलंय. मुलींच्या संडासाला कडी नाही अन् पाणीही नाही, म्हणून आम्ही पोरी शाळा सुटेपर्यंत पाणीच पीत नाही, हे मधे लिहिलंय. त्या दिवशी सरपंच अन् मोठे साहेब येणार आहेत. त्यांना आजवर कोणी सांगितलंच नसेल! मला लय हुरूप आलाय. शुद्धलेखन तेवढं बघ.

आई आठवण काढते. तुझी माया अशीच असू दे.

तुझी,
सायली

नाशिकरोड,
ता. १६ जानेवारी २०२५

चि. सायली हिस,
अ. उ. आ.

अगं, अक्षर आहे की मुंग्यांची रांग! भाषण मात्र छान. सुरुवात आणि शेवट तसाच ठेव. मधल्या सात ओळी मी लाल पेनाने काढल्यात. रागावू नकोस. पाहुण्यांसमोर असलं बोलायचं नसतं गं. गुरुजींना नोटीस यायची आणि आगाऊ पोरगी म्हणून तुझं नाव व्हायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या जागी ‘शाळा आमचे दुसरे घर’ असं लिहून दिलंय, ते पाठ कर. बावीस वर्षं मी अशीच भाषणं तपासतेय, कुणाला कधी बोल लागला नाही.

ताईला सांग, माझा इंद्रायणी तांदूळ बाजूला ठेव. लोभ आहेच, अभ्यास करून तो वाढव.

तुझी मावशी,
सुवर्णा

नाशिकरोड,
ता. २ फेब्रुवारी २०२५

चि. सायली हिस,
अ. उ. आ.

ताईचा फोन आला होता. अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, एवढं म्हणून तू गप्प झालीस म्हणे. बराच वेळ. मग एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते, जय हिंद, असं म्हणून खाली बसलीस. सगळ्यांना वाटलं, पोरगी विसरली. साहेबांनी हसून पेन बक्षीस दिलं. ताईही हसत होती. मला मात्र हसू येईना. तू विसरली नाहीस. त्या शाळेला घर म्हणायला तुझी जीभच वळली नाही.

चुकलं गं माझं. मीही त्याच शाळेतली. तहान दाबून बसायचे, कडी तेव्हाही नव्हती. मी जन्मात कुणापाशी बोलले नाही, आणि तू बोलायला निघालीस तर तुझ्याच तोंडावर हात ठेवला. त्या सात ओळी माझ्या हाताने पुन्हा लिहून सोबत पाठवतेय. ग्रामसभेत वाच, मी शेजारी उभी राहीन. आणि मला लिही. राग आला असेल तर तोही लिही, सगळं लिही.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
मावशी

घोटी,
ता. १२ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सुवर्णा मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

एवढे लिहून मी माझे दोन शब्द संपवते.

आपली आज्ञाधारक,
सायली

ता. क. हे पत्र तपासायला पाठवलेलं नाही. काढण्यासारखं यात काही नाही.