गप्प बसलं म्हणजे झालं?

सोम. १ डिसें.
लोणावळ्याच्या क्लासात आज सरांनी माउस काढूनच घेतला. नुसती काळी खिडकी, हुकूम टाइप करायचे. शनिवारी तळेगावच्या कंपनीची परीक्षा यावरच. mkdir म्हणजे नवा फोल्डर. एंटर दाबलं. काही नाही. परत तेच टाइप केलं, तर म्हणे आधीच आहे! मग पहिल्यांदा तोंडात मूग धरले होते का? सर म्हणाले, "गप्प बसलं म्हणजे झालं."
घरी आबांना विचारलं, पास झाले तर तळेगावात खोली घेऊन राहू का? इथनं पहाटे गाडीच नाही. आबा गप्प.

बुध. ३
आमच्या खोऱ्याच्या नावाचा, ‘आंदर मावळ’, फोल्डर करायला गेले, दोन झाले. आंदर वेगळा, मावळ वेगळा. मधल्या मोकळ्या जागेचा घोळ, अवतरणात घालावं लागतं. तसा तिसरा केला, पण रिकामाच. भाजे गावची सविता शेजारी खिदळतेय, "तुमच्या गावाला एस्टी पन अशीच मधी सोडती!" असू दे. मावळमध्येच सगळा सराव ठेवला.
आईला म्हटलं, तू विचार आबांना. "मी न्हाई बाई मधी पडनार."

गुरु. ४
वाटोळं! रिकामा ‘आंदर मावळ’ पुसायला rm -r दिलं, अवतरण विसरले. आंदर गेला, मावळपण गेला, सरावासकट. आणि खिडकी गप्प. "इथं कचरापेटी नसते," सर म्हणाले. कीबोर्ड आपटला. बोलणी खाल्ली.

शुक्र. ५
सगळा सराव पुन्हा पहिल्यापासून केला. डोकं भणभणतंय. जेवताना, "आबा, व्हय का न्हाई, येवडंच सांगा." भाकरी चावत बसले. ताटावरून उठले मी. आई ओरडली, अन्नावर राग काढू नको. मग कुणावर काढू?

शनि. ६
पास!! सोमवारी हजर व्हायचं. तिथल्या बाईंनी विचारलं, राहायची सोय? "झाली," म्हणाले. कुठली झाली...

रवि. ७
बॅग भरली, उपसली, परत भरली. मी उद्या जाणार ते आईनं आबांना सांगितलंय वाटतं. गोठ्याच्या दाराशी गेले तर आबा गाईच्या पाठीवर हात फिरवत बोलत होते, "उद्यापास्नं वैरनीला मीच हाय बग. लाता झाडू नगं. ती लय लाड करायची तुजं."
लेकी बोले सुने लागे, कळतं मला. पण हा होकार का राग? ‘करायची’ म्हणाले. ‘करती’ नाही. आत जाऊन विचारलं नाही, परत येऊन बॅगेची चेन लावली.