टकटक थांबली की वर बघावे

दि. ११ फेब्रुवारी

वकीलबाई, वर्षभर तुम्हाला उत्तर दिलं नाही, त्याबद्दल माफ करा. तुमच्या मसुद्यात माझी मुलगी 'अज्ञान पाल्य' होती. कायद्यात अल्पवयीन मुलांना असंच म्हणतात हे मला कळतं, तरी त्या दोन शब्दांशी भांडण्यात माझे दिवस गेले. परवा माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून आता स्वतःच लिहिते.

मी, वय शेहेचाळीस, इतिहासाची पदवीधर, धंद्याने तसबिरींना चौकटी करणारी, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाविना हे लिहीत आहे. दबाव आणून पाहिला गेला, ते पुढे येईलच.

१. घराचा वरचा मजला यजमान गेल्यावर माझ्या नावावर झाला. तो मी मुलीला देते. पालक आणि विश्वस्त माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा मामा.

२. अट एकच. तिच्या हातातला लाकडी चमचा कोणीही काढून घेऊ नये. तिला जन्मापासून एक दुर्मिळ जनुकीय आजार आहे. ती बोलत नाही, पण बहुतेक वेळ हसते, आणि जागी असेपर्यंत चमच्याने ठोकत राहते. टेबल, खिडकी, माझी पाठ, काहीही चालतं. म्हणून तिला आम्ही टकटक म्हणतो. कधी मध्येच ठोकणं थांबतं. हसू तसंच राहतं, नजर मात्र थिजते. हे झटके असू शकतात, असं डॉक्टर म्हणतात. असू शकतात, एवढंच. मेंदूच्या आलेखात दर वेळी काही सापडतं असं नाही. मलाही कित्येकदा वाटतं, नुसती कंटाळली असेल. तरी टकटक थांबली की मी हातातली काच खाली ठेवते आणि वर बघते. भाऊही तेच करतो.

३. तळमजल्यावरचे दीर आणि जाऊबाई यांनी कितीही आग्रह धरला असला, तरी त्यांना पालकत्व देत नाही. माणसं वाईट नाहीत. तिच्या वाढदिवसाला जाऊबाईंनी हौसेने रबरी चमचा आणला. "घ्या ताई, आता ठोक म्हणावं हवं तेवढं! सगळ्यांचे कान निवतील."

निवले. आम्ही निवांत जेवत होतो. "आज किती गुणाची बसलीय," भाऊजी म्हणाले, म्हणून मी कौतुकाने वळले. हसू जागेवर होतं, ओठ निळे पडले होते.

ती दवाखान्यातून परत आली, तरी भाऊजींचं आपलं तेच. "वहिनी, ती हसत होती की! नुसत्या शक्यतेवर घर चालवायचं का?"

"भाऊजी, गाडीचा विमा कशावर काढलाय?"

"तुमच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही."

"नकाच लागू. पोरीकडे बघा, तेवढं पुरे."

४. काच कापायचा हिरा, तिरक्या कापाची करवत आणि दुकान भावाला. सागाचे उरलेले तुकडे विकू नयेत, त्यांचे चमचे करावेत. चमचे मोडतात.

५. शिवणयंत्र जाऊबाईंना. राग आहे, पण त्यांची शिवण माझ्यापेक्षा सरळ येते. आवाजाचा त्रास होत असल्यास भाऊजींना कापूस, भरपूर.

६. वकीलबाई, 'झटके येतात' असं ठाम लिहा, कोर्टात बरं पडेल, असं तुम्ही सुचवलं होतं. नाही लिहिणार. खात्री झाल्यावर धावणारे पुष्कळ मिळतील. मला खात्रीच्या आधी मान वर करणारा माणूस हवा आहे. आईने मागे शंका ठेवली, असं कोणी म्हणालं तर म्हणू द्या. ठेवलीच आहे. मुलीच्या वाटणीत ती सगळ्यात वर लिहा.

साक्षीदार: टकटकच्या डॉक्टर (मी शुद्धीवर असल्याचं त्यांनी वेगळं लिहून दिलं आहे), समोरचे घड्याळवाले काका, ज्यांना त्यांच्या दुकानात तिची टकटक ऐकू येते आणि ज्यांनी आजवर तक्रार केलेली नाही.

सही: टकटकची आई

स्थळ: दुकानाची मागची खोली. खिडकी उघडी, ठोकणं चालू.

उद्या: रबरी चमचा धुऊन, पुसून, जाऊबाईंच्या हातात परत देणे.