कॉम्प्रेसरबाबत वरच्या मजल्याची तक्रार

११ जून, दुपारी दोन वाजून बावीस मिनिटे.

चि. खटपट्या यास,
अ. उ. आ.

वरची वेळ पत्राची नाही, गुन्ह्याची आहे. तक्रार करताना आधी तारीख-वेळ लिहावी आणि राग त्याच्या खाली, असे आमच्या शाळेतल्या सिस्टर शिकवीत. त्या वेळेला माझ्या पायाखालच्या खोलीत तुझा हवेचा कॉम्प्रेसर आपणहून सुरू झाला. खोलीला कुलूप, तू सायकलचे सामान आणायला बाजारात, आणि यंत्र मात्र अंगावर धावून आल्यासारखे गरजत होते. यांचा नुकता डोळा लागला होता. दचकून उठले, काठी न घेताच निघाले आणि दारात कोसळले. हाड मोडलेले नाही, डॉक्टर पाहून गेले. पण अर्धांगाच्या झटक्यापासून साधी वाटी पडली तरी यांचा जीव उडतो, हे तुला ठाऊक आहे. आता तर खोलीच्या बाहेर यायलाही नको म्हणतात.

निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी करावे हे मला मान्य आहे. जुन्या सायकली रंगव, नाहीतर जुने हत्ती रंगव. पण ते धूड इथे राहील किंवा आम्ही दोघे राहू. हे तोंडावरही सांगितले असते, पण समोरासमोर आलो की तिसऱ्या वाक्याला आपली जुंपते. म्हणून भांडण लिहूनच करायचे या आईने लावलेल्या शिस्तीप्रमाणे हे पत्र जिन्यातल्या टोपलीत टाकते आहे.

आशीर्वाद रागाच्या आधी लिहून झाला, म्हणून तो परत घेता येत नाही.
तुझी,
ताई


१२ जून, सकाळ

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी भावोजींची माफी मागतो. निघताना बटण बंद करायला मी विसरलो. टाकीतली हवा कमी झाली की हे यंत्र स्वतःहून सुरू होतं आणि माझी हवा कुठूनतरी गळते आहे. नळीच्या सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बसलो. जिथे गळती, तिथे फुगा येतो. फुगा काही आला नाही, माझे हात मात्र स्वच्छ झाले.

जुनं धूड आजच भंगारात देतो. कमी आवाजाचा, बिनतेलाचा कॉम्प्रेसर मिळतो, तो आणतो. पण भिंतीवरची नळी तीच राहणार. गळती सापडली नाही, तर नवा पाहुणाही अवेळी उठून बसेल. तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलास, साऱ्या गावाची कुजबुज तुला ऐकू यायची. एकदा खाली येऊन कान दे. तोंड नाही दिलंस तरी चालेल.

आणि तरीही खोली बंदच कर म्हणालीस तर करीन. मग दिवसभर वर बसून तुझ्या फोडणीला सूचना देईन.

चुकलेल्या भावाला पदरात घ्यावं.
तुझा,
खटपट्या


१८ जून

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

माझ्या फोडणीचे नाव काढायचे नाही.

गळती कपाटाच्या मागे निघाली, ती मी कानाने शोधून काढली, आणि तू तिथे साबण लावलाच नव्हतास, हे नोंदवून ठेवते. जिथे हात पोचत नाही तिथले काम झाले असे धरून चालायचे, ही तुझी शाळेपासूनची खोड.

आता नव्या यंत्राविषयी. काल तू ते फळीवर ठेवलेस तेव्हा साऱ्या फळीने गुणगुण धरली. खाली फरशीवर जाड रबराच्या चकत्यांवर ठेवलेस आणि आवाज विरून गेला. मी म्हटले, आता सुरू कर बघू. तू म्हणालास, सुरूच आहे. मला थट्टा वाटली. वाकून टाकीवर तळहात ठेवला तेव्हा आत बारीक थरथर लागली, झोपलेल्या मांजराच्या पाठीसारखी. तेवढ्याशा जिवात खोलीभर हवा दाबून भरली जात होती आणि घड्याळाची टिकटिक मला स्पष्ट ऐकू येत होती. नंतर तू तळाची तोटी उघडलीस आणि टाकीतून पाणी निघाले. आपण भरली ती नुसती हवा, मग पाणी आले कुठून? तू म्हणालास, हवेतच होते, पिळल्यावर सुटले. मी वर आले ती जिन्यातच थोडा वेळ बसून राहिले. सत्तरी उलटली आणि आपण कशात श्वास घेतो हे मला माहीत नव्हते.

याने मी विरघळले असे समजू नकोस. हे अजून खोलीतच आहेत.

लोभ आहे, पण तपासणीवर आहे.
ताई


२३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलीस आणि भावोजी खाली आले. एकटे, कठड्याला धरून. मी स्टूल पुढे सरकवलं. मध्येच कॉम्प्रेसर सुरू झाला. माझाच जीव वरखाली झाला, त्यांनी मान वळवली नाही. त्यांची नजर माझ्या हातातल्या रंगाच्या पेनावर होती, त्या हवेच्या छोट्या पिचकारीवर.

आपल्या गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या ज्या हाताने लिहिल्या, तो हात झटक्यानंतर ब्रश टेकवला की लटपटतो, म्हणून त्यांनी ब्रश सोडला. हे पेन कुठे टेकवावंच लागत नाही. त्यांनी ते त्याच हातात धरलं, दुसऱ्याने मनगटाला आधार दिला आणि पत्र्याच्या तुकड्यावर एक अक्षर काढलं. पहिलं पुसलं. दुसरंही पुसलं. तिसऱ्याला सावली दिली, ताई. अक्षर पत्र्यावरून उठून उभं राहिलं.

तुला सांगू नको म्हणाले. मी तोंडातून शब्द काढलेला नाही.

माया पातळ होऊ देऊ नये.
खटपट्या


२५ जून

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

आज दुपारी हे जिन्याकडे वळले तेव्हा मी झोपेचे सोंग घेतले आणि मागोमाग उतरून तुझ्या खिडकीशी उभी राहिले. पाहिले. काचेवर श्वास पडावा तसा रंग सायकलच्या दांड्यावर पडत होता, आणि यांचे खांदे पूर्वी परांचीवर उभे राहून लिहिताना असत तसे सैल होते. किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही, आणि वेळ सांगता येत नाही असे माझ्या बाबतीत कधी झालेले नाही. वर आल्यावर यांनी माझ्याकडे रंगात मळवायला एक जुना सदरा मागितला. झटक्यानंतर स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट.

आता ऐक. त्या खोलीत रंगाचा वास कोंडतो आणि यांच्या नाकावर फडकेसुद्धा नव्हते! झटका येऊन गेलेल्या माणसाला विषारी वाफेत बसवताना तुझी अक्कल कुठे चरायला गेली होती? यांच्यासाठी चांगला मास्क, वास बाहेर फेकणारा पंखा, आणि जिन्याच्या दुसऱ्या बाजूलाही कठडा, या तिन्ही गोष्टी केव्हा होणार याचे लेखी उत्तर शनिवारी दुपारी बाराच्या आत टोपलीत पडले पाहिजे. तोंडी चालणार नाही. उशीर केलास तर हे तसेच खाली उतरतील, आणि यांना अडवणे आता माझ्या हातात राहिलेले नाही.

ताई