माळाची आन् मळीची

तीर्थरूप आबांस्नी मानसिंगचा बोटीवरनं दंडवत.

मी खुशाल हाय. बोट इटलीच्या बंदराला लागलीया. दर्या विहिरीच्या पाण्यावानी निवांत हाय.

रागावू नगा, पण काल हितल्या खानावळीच्या म्हाताऱ्या मालकानं द्राक्षाची तांबडी दारू चाखाय दिली. एक फ्रान्सची, एक हितली. पहिली जांभळावानी तुरट, जीभ खरखरीत करणारी, मागनं ओव्याचा वास. दुसरी दाट, गोडसर, काहिलीतल्या काकवीवानी जराशी करपट. डोळं मिटलं आन् मी आपल्या गुऱ्हाळात जाऊन बसलो. तुमी काकवी बोटानं चाटून सांगायचा, ह्यो ऊस माळाचा, ह्यो नदीकाठच्या मळीचा. मी बी म्हणालो, पहिली खडकाळ माळावरची, दुसरी खालच्या भारी रानातली.

बरोबर निघालं! मालकानं मोडक्या इंग्रजीत इचारलं, कुणी शिकवलं? म्हणालो, माझ्या बापानं.

आईचा गुडघा कसा हाय? यंदाची पहिली काकवी कुणी चाखली?

धाकट्या सयाजीनं लिवलंय, तापापासनं तुमास्नी कशाची चवच लागंना, भरलं ताट सरकवता. आबा, दोन घास जेवत जावा. तुमची चव कुठं गेली न्हाई. माझ्या जिभंवर हाय.

तुमचाच,
मानसिंग