आढ्याला टांगलेला वाटा

जोहान्सबर्ग
रविवार, ११ ऑगस्ट २०१९

भेकुमुझीदादाला धाकट्या लिंडानीचा वाकून नमस्कार. आईला त्याच्याही आधी. वहिनीला, लेकरांना आणि त्या खोडकर तांबड्या गाईलाही. मी बरा आहे. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालतो, कारण सांगायला तर कोणी तयार नाही.

तू माझा नंबर फोनमध्ये बंद करून ठेवलायस, म्हणून हे कागदावर. आपल्या नोंगोमाकडे येणाऱ्या टॅक्सीवाल्या झुंगूकडे पाकीट देतोय. त्याला बजावलंय की दादाच्याच हातात दे, दुकानात ठेवून पळू नकोस. थोबिले, पोरी, तुझा बाप काही चष्मा लावायचा नाही, तेव्हा हे तूच वाचून दाखवणार. मोठ्यानं वाच, शब्द खाऊ नकोस. आणि मध्ये कुठं मी 'थांब' म्हटलं की खरंच थांब.

इथं ऑगस्टचा वारा सुटलाय. दारं-खिडक्या बंद केल्या तरी खाणींच्या ढिगांची पिवळी धूळ आत येते आणि माझ्या स्पीकरांवर बसते. काम भरपूर आहे, कटकट त्याहून भरपूर. परवा एक गायिका आली. म्हणे, माझा आवाज वर घ्या. घेतला. मग तिचा नवरा म्हणतो, गिटार वर घ्या, ती माझ्या भावाची आहे. मग भाऊ म्हणतो, ढोल ऐकूच येत नाही! अरे, सगळेच वर गेले तर खाली कोण राहणार? तीन दिवस हाच तमाशा. शेवटी मी काहीच बदललं नाही, नुसता आवाज किंचित मोठा करून पुन्हा ऐकवलं, तर तिघंही म्हणाले, "हां, आता कसं!" बावीस वर्षं झाली या धंद्यात, दादा. साडेतीनशेच्या वर गाणी माझ्या हाताखालून गेली. भिंतीवर चार मानचिन्हं आहेत. आणि लोकांना अजून सांगावं लागतं की मी गात नाही, वाजवत नाही, पण मी नसलो तर तुमचं गाणं म्हणजे बाजारातला गोंगाट.

बाबांना मात्र एकदाच सांगावं लागलं. आठवतं? पहिल्यांदा मी घरी टेप घेऊन आलो तेव्हा तू विचारलंस, "मग तू नेमकं करतोस काय रे?" मी म्हटलं, एकेकाचा आवाज वेगळा येतो, मी तो कमी-जास्त करून एकत्र बसवतो. तू हसलास. बाबा म्हणाले, "हसतोस काय? चारचौघांत कोणी बोलायचं आणि कोणी गप्प बसायचं, हे तो ठरवतो. हे पंचाचं काम आहे." मग ज्वारीच्या दारूचं मडकं आधी माझ्याकडे सरकवलं. तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तर एप्रिलच्या त्या समारंभाबद्दल. तुझ्या गाण्याला बक्षीस, त्याच गाण्याच्या मिक्सिंगबद्दल मला बक्षीस, आणि तुझी खुर्ची रिकामी. निवेदिकेनं तीनदा तुझं नाव पुकारलं. मी एकटाच दोन ढाली घेऊन मूर्खासारखा उभा. लोकांना वाटलं आजारी असशील. मी मान डोलावली.

का आला नाहीस ते मला माहीत होतं. गाण्यातून तुझी बिरुदावली मी काढली होती. मस्कांदी, म्हणजे आपलं झुलूंचं गिटारवरचं गाणं, गायचं आणि मधे थांबून आपलं कूळ, आपली नदी, आपला बाप झरझर सांगायचा नाही, म्हणजे दाराशी येऊन नाव न सांगता आत घुसण्यासारखं. हे मला कळत नाही होय? मीही सिबियांच्याच कुळातला आहे. मी तुला म्हटलं होतं, रेडिओवाले साडेतीन मिनिटांवर गाणं घेत नाहीत. तू म्हणालास, "मग गिटार काप, माझा बाप कशाला कापतोस?" पुढे त्या गिटारवाल्यांच्या चढाओढीत कोणीतरी मागून ओरडला, "कोणाचा रे तू? बिनबापाचा की काय?" आणि तू अर्ध्यातून उठून गिटार खुंटीला लावलीस. थोबिलेनं सांगितलं. रागावू नकोस तिच्यावर. हिवाळा संपत आला तरी तू गिटारला हात लावलेला नाहीस, हेही तिनंच सांगितलं. आणि चोवीस तारखेला बाबांच्या आत्म्याला घरात परत आणायचा बैल कापणार आहात, तेही. मला कोणी कळवलं नाही. सख्ख्या मुलाला! झुंगूला आमंत्रण आहे, झुंगूला!

हे लिहिताना पेनानं कागद फाटला माझा. रागानं, दादा. पण आता कोणावर रागावू?

थोबिले, थांब. लहान पोरांना बाहेर पाठव. वहिनी बसली तर बसू दे. आई बसलीच पाहिजे.

रेडिओवाल्यांनी मला काही म्हटलं नव्हतं. त्यांनी आजवर तुझ्यासारखी सहा-सहा मिनिटांची गाणी वाजवली आहेत, तीही संध्याकाळी, सगळा मुलूख ऐकत असताना.

नंतर तू फोन करून म्हणालास, "बिरुदावली परत लाव, नवीन सीडी काढू," तेव्हा मी सांगितलं की तो भाग मशीनमधून उडाला. तेही खोटं. माझ्याकडून आजवर एक ओळ उडालेली नाही. दोन-दोन ठिकाणी ठेवतो मी सगळं, वीज जाते म्हणून.

खरं हे की डरबनच्या स्टुडिओतून तुझी गाणी माझ्याकडे आली, मी एकटाच लावून बसलो होतो, मजेत. तू सुरू झालास.

"मी भेकुमुझी सिबियांचा, काळ्या उम्फोलोझीचं पाणी प्यालेला! गाढवानं मला पाडलं आणि गाढवालाच लाज वाटली!"

मी मोठ्यानं हसलो. मग बाबा आले. "खाणीचं छत पाठीवर तोलणारा, पगार आईच्या पदरात ओतणारा." माझे डोळे भरले. आणि मग,

"माझा धाकटा लिंडानी, साऱ्या जगाचं ऐकणारा! बापावर माती पडली, तिचा आवाज मात्र त्याला ऐकू आला नाही!"

मी बटण दाबून बंद केलं. कान असे तापले की काय सांगू. साडेतीनशे गाणी नीट लावली, आणि सख्खा भाऊ मला साऱ्या मुलखासमोर उघडा पाडतो! म्हटलं, थांब. चारचौघांत कोणी बोलायचं ते मी ठरवतो ना? मग गप्प बस. तिथून गाण्याच्या पुढच्या कडव्यापर्यंतचा सगळा तुकडा एका फटक्यात कापला, आणि एकटं तेवढंच काढलं तर कळेल, म्हणून पुढची-मागची सगळी बिरुदावली काढली. बाबांसकट.

एवढा राग का आला, माहितीये? कारण तू खरं बोललास. बाबांच्या मातीला येताना अर्मेलोजवळ माझी गाडी बंद पडली नव्हती. ती इथंच दारात उभी होती, पेट्रोल भरलेली. एका मोठ्या गायिकेचं काम सोमवारी द्यायचं होतं. मला वाटलं, शुक्रवारी दुपारी संपेल, मग निघू. दुपारची संध्याकाळ झाली. शनिवारी सकाळी तुम्ही बाबांना खड्ड्यात उतरवत होता तेव्हा मी तिच्या श्वासाचा आवाज कमी करत होतो. ते गाणं चाललंही नाही. आई, ऐकतेयस ना? बंद गाडीची गोष्ट मी तुला तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा तू मला विचारलंस, "उपाशी तर नाही ना राहिलास रे रस्त्यात?"

थोबिले, वाच पुढे. रडू नकोस, अजून आहे.

गेल्या मंगळवारी बैलाचं कळल्यावर माझं डोकं फिरलं. म्हटलं, बघू तरी पुन्हा, हा माणूस मला काय काय म्हणाला ते. तू पाठवलेलं जसंच्या तसं लावलं. माझी ओळ आली तशी मी तडक उठलो आणि चहा करायला आत गेलो. बंद करायचं राहिलं. आतून ऐकतोय तर तू बोलतच होतास.

"त्याच्या वाटणीचं मांस मी आढ्याला टांगलंय! मुंग्यांनो, दूर राहा! कावळ्यांनो, दुसरं घर बघा! त्याचा मालक वाटेत आहे!"

चहा उतू गेला, दादा. अकरा सेकंद आहेत ती. मी घड्याळ लावून मोजली. ज्याच्या कानांना लोक ढाली देतात त्यानं सख्ख्या भावाचं बोलणं शेवटची अकरा सेकंद ऐकलंच नव्हतं. दहा महिने ते माझ्या कपाटात होतं.

मग मी थोबिलेला फोन केला. विचारलं, "मातीच्या दिवशीचा माझा वाटा खरंच टांगलाय का गं?" ती म्हणाली, "काका, नुसतं हाडूक उरलंय. आई म्हणते टाकून द्या, आजी हात लावू देत नाही. आणि बाबा येता-जाता वर बघतात."

आता मला कळलं तू काय समजलास. तुला वाटलं मी ते ऐकलं. तू तोंडानं बोलू शकला नाहीस, म्हणून गाण्यातून हाक मारलीस, आणि मी ती हाक ऐकून, कापून, फेकून दिली. माझा वाटा मी नाकारला, असंच समजलास ना? म्हणून नंबर बंद केलास. मी तुझ्या जागी असतो तर कुऱ्हाड घेऊन टॅक्सीत बसलो असतो.

दादा, मी नाकारलं नाही. मला ऐकूच आलं नव्हतं. आणि ही काही सबब नाही, माझ्या धंद्यात तर मुळीच नाही.

पाकिटात पेनड्राइव्हची एक छोटी काडी आहे, झुंगूच्या टॅक्सीत लावता येते. तुझं गाणं आहे, सात मिनिटं दहा सेकंद. पहिल्यापासून पुन्हा केलं. बाबा मधोमध आहेत. गिटार तुझ्या आवाजाच्या खाली, कारण तिथं तीच चांगली. माझी ओळ मी कमी केलेली नाही. उलट थोडी वर घेतली आहे. दारं उघडी टाकून लावा, पलीकडच्या टेकडीवर ऐकू गेलं पाहिजे. रेडिओलाही शुक्रवारी दिलं, आणि सोबत लिहून दिलं की आधीचं मी बिघडवलं होतं.

चोवीस तारखेला, शनिवारी, सूर्य वर यायच्या आत मी फाटकाशी असेन. भेटीला काही आणणार नाही, ढाली तर नाहीच. आपल्या रीतीनं बाहेर उभा राहून कुळाचं नाव घेईन आणि वाट बघेन. आत बोलवायचं की नाही, ते तू ठरव. त्या दिवशी पंच तू. नाही बोलावलंस तर बैल कापून होईपर्यंत बाहेर उभा राहीन आणि परत जाईन, कोणाला दोष देणार नाही. फक्त एकच मागतो. गिटार खुंटीवरून काढ. बाबांना घरात मुकाट्यानं आणू नकोस, त्यांना आवडायचं नाही.

बाकी काय लिहू? आईच्या गुडघ्यांना चोळायला तेल झुंगूकडे दिलंय. थोबिले, तू चांगलं वाचलंस, मला माहीत आहे. आता हा खालचा भाग तुझ्या बाबांनाच वाचू दे. चष्मा दे त्यांना.

मी लिंडानी सिबियांचा,
काळ्या उम्फोलोझीचं पाणी प्यालेला,
साऱ्या जगाचं ऐकणारा,
बापावर पडलेली माती ज्याला ऐकू आली नाही,
त्या हाडकाचा मालक,
वाटेत आहे.