घरी न आलेला भाऊ

अगं,

तुझा नुकताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. मी कामावर निघालोय. जेवण झाकून ठेवलंय, दोन घास तरी खा. चिमीला शाळेत सोडतो. वेणी मीच घातलीय, शेपूट झालंय नुसतं.

बाल्कनीत मातीचा पसारा दिसेल, तो आवरू नकोस. दवाखान्यातून आपण रिकाम्या हातांनी आलो, तेव्हापासून पोरीने बाळाचं नावही काढलं नव्हतं. मला वाटलं, लहान आहे, विसरली. काल संध्याकाळी तिने कुंडीतली माती कालवली आणि एक बाळ केलं. नाक, कान, इवल्याशा मुठीसुद्धा. बुटांच्या खोक्यात कापूस अंथरून त्याला निजवलं.

मी विचारलं, "हे कोण गं?"

"माझा भाऊ. तुम्ही आणला नाहीत ना, म्हणून मीच केला."

मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, आईला सांगू नकोस हं, ती रडेल."

आपण दोघं तिच्यासमोर तोंड मिटून बसलो, आणि ती एवढीशी पोर आपल्यालाच सांभाळत होती गं.

तिला दिलेला शब्द मोडून हे लिहितोय. दुपारी ती आली की खोलीचं दार उघड. तिच्याजवळ खाली बस, थोडी माती तूही हातात घे. रडू आलं तर रड तिच्यासमोर.

भावाचं नाव काय, असं विचारत होती. आपण ठरवलेलं नाव माझ्या तोंडून फुटलंच नाही. ते तू सांग तिला.